उतरताना डावा पाय

शनिवार, ११ जानेवारी

थंडी कडक. सकाळी नळाची वाट बघण्यात वेळ गेला. दुपारी ह्यांना घेऊन जुनवानीला, फिजिओथेरपीसाठी. नोकरीभर हे स्टील प्लांटमधल्या क्रेनच्या शिड्या चढले, गुडघ्याने आता हिशेब मांडला. तिथली मुलगी नीट समजावते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे नेमकं उलटं करतात आणि मलाच विचारतात, "कोनता पहिले सांगतला होता तिनं?"

रात्री टीव्हीवर नाचाचा कार्यक्रम. आमची सुजाता आणि तिचा इन्स्पेक्टर. नट आहे तो, मालिकेत इन्स्पेक्टर होता, घरात तेच नाव पडलं. नावाजलेली माणसं आणि त्यांना नाचवणारे जोडीदार, अशा जोड्या. पडद्यावर त्याचं नाव ठळक, सुजूचं खाली बारीक. पण आहे. इतकी वर्षं सिनेमाच्या गाण्यांत मागच्या रांगेत नाचली. मी बोट ठेवून दाखवायला जायची, ही बघा, तोवर दुसरंच दृश्य आलेलं असायचं.

आज वॉल्ट्झ. शेजारच्या साहूबाई आल्या होत्या बघायला.

हे म्हणाले, "पोरगी काय नाचून राहिली!"

मी म्हटलं, "नाचते आहे."

"नाचते म्हटलं का लवकर संपते. नाचून राहिली म्हटलं का नाचतच राहते." साहूबाई हसल्या. त्यांना कितपत कळलं कोण जाणे.

एक गोष्ट. जोड्या नाचाआधी जिन्यावरून खाली येतात. सुजू दर पायरीला डावा पाय आधी टेकत होती. उजवा त्याच पायरीवर आणायचा, मग पुन्हा डावा. झगा पायघोळ, म्हणून दिसत नाही. नाचाचाच भाग असेल कदाचित.

रविवार, १२ जानेवारी

सुजूचा फोन. विचारलं, पाय कसे आहेत?

"मी अगदी बरी आहे, आई. तू काळजी करू नकोस."

पाठ्यपुस्तकातलं वाक्य. माझ्याशी ती शुद्ध बोलते, तसं वळणच मी लावलं. वडिलांशी त्यांच्या बोलीत. पण शाळेत असताना "माझा अभ्यास पूर्ण झालेला आहे" असं ती ज्या आवाजात म्हणायची, तोच आवाज आज होता. तेव्हा पुस्तक उघडलेलंसुद्धा नसायचं.

मग फोन ह्यांच्याकडे. हे उठून अंगणात गेले. एरवी इथेच बसून, सगळ्या वैशाली नगराला ऐकू जाईल असं बोलतात.

शनिवार, १८ जानेवारी

टँगो. शेवटी इन्स्पेक्टरने तिला उचललं, फिरवलं आणि खाली ठेवलं. ठेवलं कसलं, टाकलं. सुजूचं हसू जागचं हललं नाही, तिथेच मला कळलं. हसू इतका वेळ एका जागी राहत नाही. गुण ऐकताना सगळा भार उजव्या पायावर.

चकचकीत कोटवाला परीक्षक म्हणाला, क्या ठहराव है! ठहराव नव्हे, तिला हलता येत नव्हतं.

सेमीफायनलला गेले. साहूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "दीदी, बिटिया जीतही, देख लेबे!"

साहूबाई गेल्यावर हे स्वयंपाकघरात फोनवर. मी भांडी आणायला गेले तर कानावर आलं, "दुखून राहिलं तं बर्फ लाव ना माय. नाही सांगत आईले. नाही सांगत म्हटलं ना."

फोन ठेवेपर्यंत थांबले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"गुडघा."

आधी माझा का तिचा असा घोळ घातला. मग सांगितलं. मागच्या महिन्यात सराव करताना इन्स्पेक्टरच्या हातून निसटली. आतला अस्थिबंध, लिगामेंट म्हणतात तो, अर्धा फाटला आहे. डॉक्टर म्हणतात आताच थांबलीस तर विश्रांतीने भरून येईल. पूर्ण फाटला तर ऑपरेशन, आणि त्यानंतर नाचता येईल की नाही हे ते सांगायला तयार नाहीत. दुखणं दाबायला इंजेक्शन घेते.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"तिले मालूम हाये सारं. लहान हाये का ते? तू कावून डोक्याले ताप करून घेतं?"

मी जेवले नाही. तेही जेवले नाहीत.

सोमवार, २० जानेवारी

कार्यक्रमाच्या लोकांना कळवावं असं मनात आलं. पडद्यावर येतो तो क्रमांक फिरवला. ध्वनिमुद्रित बाई मत कसं द्यायचं तेवढंच सांगते. दोनदा ऐकलं आणि ठेवला.

बरं झालं म्हणायचं की वाईट. लागला असता आणि मी बोलले असते, तर सुजूने आयुष्यभर तोंड पाहिलं नसतं माझं.

बुधवार, २२ जानेवारी

घरात निवडणूक आहे. हे सकाळीच हथखोजला, निवृत्तीनंतर ज्या वर्कशॉपमध्ये देखरेखीला जातात तिथे. सगळ्या वेल्डरांच्या मोबाईलवर मत द्यायचं ते अॅप घालून आले. "आख्खं वर्कशॉप मत देऊन राहिलं शनिवारी." मी दुरुस्त केलं नाही. बोलतच नव्हते मी.

संध्याकाळी बुद्धविहारातल्या रामटेकेबाई आल्या. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर मी उभं राहून सुजूसाठी मतांचं आवाहन करावं म्हणतात. त्याच रात्रीपर्यंत मतदान चालू असतं.

"मॅडम, तुमी नुसत्या उभ्या राहा. अर्ध्या बाया तुमच्या विद्यार्थिनी. तुमाले नाही म्हनायची हिंमत आहे कोनाची?"

मी म्हटलं, बघू.

रामटेकेबाई जाताना वळून वळून बघत होत्या. माझ्या तोंडून "बघू" त्यांनी कधी ऐकलेलं नाही.

सुजू हरली तर गुडघा वाचतो. हे इथे एकदा स्पष्ट लिहून ठेवते. बाहेर कोणापुढे म्हणता येत नाही.

शनिवार, २५ जानेवारी

सेमीफायनल. अंगणात चपलांचा ढीग, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. रामटेकेबाई पुढेच बसलेल्या.

सुजू जिन्यावर आली. मी पायांकडेच बघत होते. आज डावा पाय आधी नाही. एका पायरीवर एक पाऊल, सरळ, राणीसारखी उतरली. सगळे वा वा करत होते. मी पायांवरची नजर काढली नाही. म्हणजे आज इंजेक्शन मोठं आहे.

रुंबा. संथ नाच. बघणाऱ्याला सोपा वाटतो. एका पायावर उभं राहून दुसरा हळूहळू ओढत आणायचा, सगळं वजन गुडघ्यावर. इन्स्पेक्टरने डोक्याच्या वर उचललं. मी साहूबाईंचा हात धरला होता असं त्या नंतर म्हणाल्या. मला आठवत नाही.

नीट उतरवलं यावेळी.

आणि नाच इतका सुंदर झाला. खोटं कशाला लिहू. पडद्यावर ती एकटीच होती, तो नट कुठे दिसलाच नाही. माझी मुलगी इतकं चांगलं काही करू शकते हे मी आज पाहिलं. तिला थांब म्हणायचं ते याच्यासाठी.

हे रडत होते, उघड. मी पाणी आणायला उठले.

रविवार, २६ जानेवारी

विहारात झेंडा, मग संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन. वाचन नेहमी माझ्याकडे. आवाज ठीक लागला. खाली बसणार तेवढ्यात रामटेकेबाईंनी माइक पुन्हा हातात दिला. "आता मॅडम आपल्या सुजूबद्दल दोन शब्द बोलतील."

सगळ्या बायांचे मोबाईल तयार, हातात.

मी म्हटलं, "आज सव्वीस जानेवारी. आपल्याला मताचा अधिकार कोणी दिला ते मी सांगायला नको. मत गुप्त असतं आणि ते कोणाच्या सांगण्यावरून द्यायचं नसतं. ज्याने त्याने पाहावं, विचार करावा, आपलं ठरवावं." आणि बसले.

टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं मॅडमचा मोठेपणा. रामटेकेबाई डोळे पुसत, "स्वताच्या पोरीसाठी एक शब्द नाही मागितला, अशी माय पाहिजे!" आणि लगेच सगळ्यांना बजावलं, चला गं, करा सुरू. शेतकऱ्याने बुजगावणं उभं करावं आणि पाखरांनी त्याच्याच खांद्यावर बसावं, तशी माझी गत.

ह्यांना मात्र बरोबर कळलं. घरी येऊन दार लावल्यावर,

"पोरीचा पाय ओढून राहिली तू."

"पाय वाचवते आहे."

"तिनं मागतला का तुले पाय वाचवून?"

मी कुकर लावला.

संध्याकाळी ह्यांनी त्यांच्या फोनवरून मत दिलं, मला दाखवून. माझा फोन टेबलावर तसाच. मुदत संपायच्या आधी मीही दिलं. कोणाला, ते इथेही लिहिणार नाही.

सोमवार, २७ जानेवारी

सुजूचा फोन, दुपारी. ह्यांना नाही, मला.

"आई, तू विहारात भाषण केलंस असं कळलं. धन्यवाद."

"डावा गुडघा कसा आहे?"

"कोणता गुडघा?"

"उतरताना आधी टेकतेस तो."

मागे कुठेतरी गाण्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती.

"बाबांनी सांगितलं ना?"

"जिन्याने सांगितलं. बाबा नंतर."

"आई, टीव्हीवर लोक कपडे बघतात गं. तू काय काय बघतेस!"

"शनिवारी किती इंजेक्शनं होती?"

ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, फायनल एकदा होऊ दे, दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला झोपते. मी म्हटलं, फायनलमध्ये तो तुला पुन्हा डोक्यावर घेणार आणि सोडणार. "सोडत नाही गं, ठेवतो." मी म्हटलं, टँगोला ठेवलं का? त्यावर हसली. मग आवाज बदलला.

"मागच्या रांगेत कोणाचाही गुडघा दुखला तरी कोणाला कळत नाही, आई. तुला तरी कळला असता का?"

बुधवारी निकालाचं चित्रीकरण. त्यांना तिथेच कळतं, पण आम्हाला सांगायची बंदी, शनिवारी टीव्हीवर दाखवेपर्यंत. सही घेतली आहे. फायनलला गेलेल्यांना मधे दोन-तीन दिवस सुट्टी असते, एवढं मात्र सांगितलं.

मी थांब म्हटलं नाही. ओठावर होतं. डॉक्टरचे कागद पाठव म्हटलं. "हो, पाठवते." शुद्ध, स्पष्ट. येणार नाहीत.

गुरुवार, ३० जानेवारी

सकाळी मोबाईलवर तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. आम्हा तिघांच्या ग्रुपवर. मागे गोंगाट, स्टेशन असावं किंवा रस्ता. एवढंच,

"आई, मी घरी येऊन राहिली."

पुन्हा लावून ऐकलं. आई म्हणाली. बाबा नाही. आणि माझ्याशी ह्या बोलीत आजवर कधी बोलली नाही. लहानपणी पडली तरी माझ्यापाशी आली की शुद्ध रडायची.

हे खूश. "जितली! सुट्टी भेटली तिले, म्हनून येऊन राहिली." मी म्हटलं, हरली असेल, म्हणून येते आहे. हे म्हणाले, हरली असती तं आवाज असा असता का? मी विचारलं, कसा आहे आवाज? मला थकलेला वाटतो. त्यांना झोपेतला.

येऊन राहिली म्हणजे येते आहे. जन्मभर ऐकत आले आहे, मला कोणी शिकवायला नको. तरी दिवसभर तो दुसरा अर्थ डोक्यातून जाईना. पुण्याकडचं कोणी वाचलं तर म्हणेल, आली आणि राहिली.

शेवटी लिहून विचारलं, "येते आहेस की येऊन राहणार आहेस?"

उत्तर आलं, "हो."

शुक्रवार, ३१ जानेवारी

डॉक्टरचे कागद आले नाहीत. फोन बंद, गाडीत असेल.

तिचा पलंग आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत आणला, मोरीची पायरी टळते. हे म्हणाले, हे काय, पाहुणे बसतील कुठे? उद्या रात्री निकाल बघायला त्यांनी सगळ्यांना बोलावून ठेवलं आहे. मी म्हटलं, पलंगावर. ते दुसऱ्या बाजूने उचलू लागले, दुखरा गुडघा असून. नको म्हटलं तरी.

शनिवार, १ फेब्रुवारी

गाडी उशिराने धावते आहे, पण दुर्गला दुपारपर्यंत पोचेल. ह्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला. मी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेतला, ह्यांचाच, धुऊन वाळवलेला. दोन्ही एकाच पिशवीत.

साहूबाई विचारत होत्या, हार आणू का. मी म्हटलं, रात्री बघू. दहा दिवसांत हे दुसरं "बघू".

डब्याच्या पायऱ्या उंच असतात आणि फलाट खाली. तिथे झगा नाही, दिवे नाहीत, त्या वेळेसाठी मोजून घेतलेलं इंजेक्शन नाही. चेहऱ्यावरून मला काही कळणार नाही, चेहरा तिने कमावलेला आहे. हे सामान घेतील. मी पुढे होऊन हात देणार नाही. तिने आपली आपण उतरावं. कोणता पाय आधी खाली येतो तेवढं बघायचं आहे. मग काय बोलायचं ते बोलेन. किंवा नाही बोलणार.

रिक्षा आली वाटतं. हे फाटकातून हाका मारून राहिले.