अख्तर खालांना हळदीचं बोलावणं

कसबा पेठ, पुणे
७ डिसेंबर २०१४

प्रिय अख्तर खाला,

सलाम. तुमचा गुडघा फार छळत नसेल आणि लोणीच्या थंडीत शाल घेत असाल, असं धरून चालतो. इकडे अम्मी-अब्बा मजेत. फोनवर तुम्ही लगेच "बरं, ठेवते" म्हणता, म्हणून लिहायला बसलो.

आधी आनंदाची बातमी. माझं लग्न ठरलं. मुलगी कॅम्पातली, नाव रझिया, एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. निकाह अठ्ठावीसला, रविवारी. अब्बा दुकानात येईल त्याला पेढा देतात. काल एक गृहस्थ कुलूप दुरुस्त करायला आले, दोन पेढे खाल्ले आणि कुलूप विसरून गेले.

मुलगी बघायला गेलो तेव्हा मी सगळ्यांसमोरच सांगून टाकलं. माझ्या अंगात रोगाशी लढणारी द्रव्यं जन्मापासून तयारच होत नाहीत. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून ती काढतात, आणि दर महिन्याला एक दिवस हॉस्पिटलात पडून मला ती सलाईनसारखी घ्यावी लागतात. आयुष्यभर. तिच्या मामूंनी चहाचा कप खाली ठेवला.

रझियानेच विचारलं, "आणि बाकीचे एकोणतीस दिवस?"

"दुकान. रविवारी क्रिकेट."

"मग सलाईनचा दिवस रविवारी ठेवा," ती म्हणाली.

मग मी मुलांचंही सांगितलं. हा आजार मुलग्यांना होतो, पण आईकडून येतो. म्हणजे आमच्या मुलग्यांना होणार नाही, मुलीही ठणठणीत राहतील. फक्त त्या मुलींना मुलगे झाले तर त्यांची तपासणी जन्मताच करून घ्यायची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही नातवंडांपर्यंत पोचलात. आधी निकाहची तारीख तरी धरा." तिचे मामू हसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता मला कळलं कसं, ते. लहानपणी माझा कान सारखा वाहायचा, तुम्हीच कापूस बदलायचात. पुढे छाती भरायला लागली, मग गुडघा सुजायला लागला. कानाचे डॉक्टर वेगळे, छातीचे वेगळे, हाडांचे वेगळे. हे सगळं एकच असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तीन वर्षांपूर्वी न्यूमोनिया पुन्हा झाला तेव्हा हेमा मॅडम म्हणून नव्या डॉक्टर होत्या. त्यांनी घशात बॅटरी मारली आणि विचारलं, "टॉन्सिल कधी काढले?"

"काढलेच नाहीत."

"मग गेले कुठे?"

या आजारात ते वाढतच नाहीत म्हणे. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. आणि अम्मीला विचारलं, "तुमच्या माहेरच्या नात्यात कोणी मुलगा लहानपणी गेला का?"

खाला, इथे माझा हात थांबला होता. चहा पिऊन आलो. आता लिहितो.

अम्मीने तुमच्या अय्युबचं नाव घेतलं. आमच्या घरात ते कोणी घेत नाही, तुम्हाला त्रास होईल म्हणून. तिने सगळं सांगितलं. त्याचाही कान वाहायचा, छाती भरायची, गुडघा सुजायचा. शेवटी ताप मेंदूत गेला. आणि कालव्याचंही सांगितलं. तुम्ही त्याला कपडे धुवायला बरोबर नेलंत, तो पाण्यात डुंबला, आणि त्यावरून लोकांनी तुम्हालाच दोष दिला ते.

मॅडमनी विचारलं, "कालव्यात तो एकटाच होता?"

"नाही, गावातली सगळी पोरं होती."

"बाकीच्यांना काही झालं?"

"नाही."

"तेच सांगतेय. त्याचं रक्त तपासलेलं नाही, म्हणून लेखी देता येणार नाही. पण मला शंका वाटत नाही. याला आहे तेच त्याला होतं. घरात कोंडून ठेवलं असतं तरी ताप आलाच असता. आईने काही केलं नाही."

हे सांगायला अम्मी दोनदा लोणीला आली. दोन्ही वेळा तुमच्याशी कांद्याच्या भावावर बोलून परत आली. आमच्या दाराशी बसून रडली. म्हणून मी लिहितोय.

हे आईकडून येतं म्हटल्यावर आणखी एक दोष आपल्या माथी घ्याल, तर तसं करू नका. तुम्हा दोघी बहिणींना ते नानीकडून मिळालं असणार, तिला कुठून ते अल्ला जाणे. मला अम्मीकडून हे मिळालं आणि तिचं हसणंही मिळालं. माझी तक्रार नाही. गेल्या हिवाळ्यात मी एक दिवससुद्धा अंथरुणाला खिळलो नाही. परवा शनिवारवाड्यापर्यंत पळत गेलो, उगीचच.

अय्युब गेल्यापासून तुम्ही कोणाच्या हळदीला हात लावला नाहीत. आपल्या घरच्या सईदाच्या लग्नातही स्वयंपाकघरातच बसून राहिलात. अम्मीने परवा सगळ्या बायकांसमोर सांगितलंय, "पहिली हळद अख्तरच लावेल. ती आली नाही तर माझा मुलगा कोरडाच निकाहला बसेल." रझिया म्हणाली, तिलाही तुमच्याच हातची हवी.

हळद सव्वीसला, शुक्रवारी आहे. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी रिक्षा घेऊन दारात येतो. नाही म्हणालात तर रिक्षावाला आणि मी, दोघंही तुमच्या ओट्यावर जेवायला बसू.

अय्युब मला पाठुंगळी घेऊन अंगणभर पळायचा, एवढं मला आठवतं. नवऱ्यामुलाच्या शेजारी त्याने बसायला हवं होतं. तुम्ही बसा.

अय्युबचा धाकटा भाऊ,
मकसूद