बर्फात अडकलेल्या पकडीविषयी व्याह्यांस

कुपवाड, रविवार

श्री. आकारामराव व्याहीसाहेब यांस लालासाहेबचा सविनय नमस्कार.

विट्यात आपण सर्व मंडळी खुशाल असालच. (तुमच्या तब्येतीची तर खात्रीच आहे. आजारी माणसाला इतका खणखणीत निरोप धाडता येत नाही.) विहीणबाई अंजनाताईंना नमस्कार सांगावा. इकडे माझा उजवा गुडघा सोडला तर सगळं ठीक.

निरोप पोचला. मी गुलमर्गला भर लोकांत जावयाला माझ्या पायाशी बसवलं, म्हणून आता मी विट्यात येऊन भावकीसमोर पृथ्वीराजचे पाय धुवायचे आणि तोवर राजेश्वरीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायची नाही, असं तुम्ही ठरवलंत. सातवा महिना लागलेली माझी पोर तुम्ही एका फोटोवरून अडवून ठेवलीत. मला याचं फार वाईट वाटलं. आता त्या फोटोची हकिकत वाचा.

तुमच्या श्रीनगरच्या सोनं-चांदी गाळायच्या गलाई दुकानात बसून बसून पृथ्वीराजला बर्फात फळीवर उभं राहून घसरायचा नाद लागला. (नाद त्याचा, पाय माझे.) आम्ही जानेवारीत भेटायला गेलो, तर मलाही घसरवायचंच म्हणून तो हटून बसला. या फळीला दोन्ही बूट जखडून घ्यावे लागतात. त्या पकडीच्या दोन जाती. जुनी पट्ट्यांची. तिला कुठलाही बूट चालतो, हवी तेवढी आवळा, हवी तेव्हा सोडा, पण त्यासाठी बर्फात बूड टेकून वाकावं लागतं. नवी खटक्याची. तिच्यात उभ्या उभ्या पाय ठेवला की खट्कन बसतो, वाकायचं कामच नाही. मात्र तिला तिचाच बूट लागतो आणि तळव्याला बर्फ चिकटला असेल तर ती नव्या नवरीसारखी रुसते. माझा गुडघा वाकत नाही. म्हणजे पट्ट्या पृथ्वीराजलाच बांधाव्या लागल्या असत्या. जावयाने सासऱ्याच्या पायाशी बसायचं, हे मला पटेना. तेव्हा व्याहीसाहेब, तुमच्या घराण्याचा मान राखायला म्हणूनच मी खटक्याची पकड मागितली!

पाय खट्कन बसले. (मी जन्मभर फाटकांच्या कड्या बनवल्या, पण असा गोड आवाज ऐकला नव्हता.) मग मी कुणालाही न विचारता निघालो आणि चहाच्या टपरीमागच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत गेलो. बाहेर काढल्यावर पाय काही सुटेनात. तरफ ओढली, शिव्या दिल्या, शेजारच्या पंजाबी पाहुण्याने लाथही घालून पाहिली. शेवटी पृथ्वीराज गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मामा, हलू नगा. खटका आतनं धरलाय." गाडीच्या किल्लीने तो आतलं कोरत बसला. तेवढ्यात आमच्या धाकट्या पिंकीने फोटो काढला आणि ‘जावयाने पाय धरले’ असं लिहून तो सगळ्या ग्रुपवर टाकला. ती पंधरा वर्षांची आहे, तिला अक्कल नाही. तुमचं वय मी काढत नाही.

आता यात मी मान कुठे घेतला? थंडीने दात वाजत होते माझे. आपण मोठे आहात, विचार करावा.

आपला,
लालासाहेब

ता. क. – पकडीत दोष नव्हता. आदल्या संध्याकाळी मी शहाणपणाने तिच्यात बरोबर नेलेलं कारखान्यातलं ग्रीस चोपडलं होतं. थंडीत ते गोठलं. पृथ्वीराजने कोरताना ते बघितलं होतं, तरी तुम्हाला कधी सांगितलं नाही, हे आमच्या सौ. मंगलकडून मला काल कळलं.

आणखी ता. क. – राजेश्वरीचा फोन आला होता. म्हणाली, "आण्णा, कोण चुकलं ते मला सांगू नगा. मला न्यायला कवा येताय?" मी गुरुवारी येतो. भावकी बोलवा, पाणी तयार ठेवा, पाय धुतो. एवढंच करा, त्या वेळी तिला आतल्या खोलीत बसवा.