साहेबापुढं काय म्हनायचं

बाई, मी ती चौथीतली पोरगी, तुमच्या खोलीवर सांजच्याला दोन कळश्या पानी आनून टाकायची ती. तुमी आता न्हाईत हे मला ठाव हाय. तरीबी तुमालाच लिहायलेय, कारन दुसऱ्या कुनाला हे सांगायची माझी छाती न्हाई. दुपारची येळ हाय, लाईट गेलीय, पोरगं भिताडाकडं तोंड करून झोपलंय. पहिलीत हाय ते. त्याच्या डोक्याला चार टाके हायेत. त्याच्याच वहीच्या मागच्या पानांवर, त्याच्याच पेन्सिलीनं लिहायलेय. उद्या शिक्षनखात्याचा साहेब यायचाय, अन् माझ्या पोराला त्याच्यापुढं उभं राहून एक गोष्ट म्हनायचीय. ती गोष्ट खोटी हाय. न्हाई म्हनली तर आमचं काय व्हईल ते मला दिसतंय, अन् म्हनली तर काय व्हतं ते म्या एकदा बघितलंय.

तुमची खोली दुकानाच्या मागं, पत्र्याची. एका कोपऱ्यात स्टो, एका कोपऱ्यात पेटी, अन् मदी तुमी पोळपाट घेऊन बसलेल्या. भांड्याच्या फळीवर पेपर अंथरलेला असायचा. म्या कळशी ठेवली की तुमी लाटता लाटता म्हनायच्या, 'तो दुसऱ्या फळीवरचा वाच गं.' मी डबे सरकवून रंगीत टीव्हीची जाहिरात वाचायची, अडखळत. जोडाक्षर आलं की थांबायची. तुमी लातूरकडच्या, तुमचं बोलनं आमच्यापेक्षा साफ. एकदा बराबर वाचलं की एक चपाती, वर शेंगदान्याची चटनी. घरी आमची ज्वारीची भाकर, म्हनून ती चपाती मी सावकाश खायची. मला जेवढं लिहायला येतं ते त्या फळीवरचं हाय.

आपली सरकारी शाळा रस्त्याच्या अलीकडं, अन् पलीकडं संस्थेची, नवीच निघालेली. त्यांच्या पोरांना टाय, कमरंला पट्टा, पायात बूट. आमी अनवानी. दोन्ही शाळांना पोरं पाहिजे असायची, कारन पट कमी झाला की मास्तरची जागा जाते, हे आमा लेकरांनाबी पाठ झालतं. जूनमदी तुमी घरोघर फिरायच्या, अन् तुमच्या मागं संस्थेचा कारकून फिरायचा, वह्या वाटीत. मोठी मानसं पटासाठी भांडायची, आमी कशासाठीबी भांडायचो. हापशावर पयलं कोन पिनार, बोराचं झाड कुनाचं. आमी वरडायचो, 'गळ्यात दोरी, कमरंला पट्टा, बैलाला हाना एक रट्टा!' तिकडून यायचं, 'सरकारी शाळा, सुकडी गिळा!' सरकारकडनं शाळेत मिळनारी सुकडी तर आमी खातच व्हतो, म्हनून ते जास्त लागायचं. एक दिवस मी हापशावर संस्थेच्या एका पोरीला असंच चिडवायले, अन् तुमी मागून येऊन माझा कान धरला. कान धरूनच खोलीवर नेलं. मला वाटलं आता मारत्यात. तुमी तवा चढवला अन् इचारलं, 'सांग, कुठल्या शाळेची चपाती खाणार? सरकारी का संस्थेची?' मी रडायला लागले. 'रडू नको. पोटाला कळत नाही तर तुला कसं कळलं गं?' म्हनल्या. त्या दिवशी चपाती दिली न्हाई.

पंधरा ऑगस्टला दोन्ही शाळांच्या प्रभातफेऱ्या निघायच्या. गावात शिरायचं तर वेशीतूनच, अन् वेशीतून एका वक्ताला एकच रांग जाती. पयलं कोन जानार, ह्याच्यावर वर्षभराची इज्जत. मी तिसरीत असताना दोन्ही रांगा वेशीपाशी संगंच आल्या. तुमी हात आडवा करून आमाला थांबवलं. 'जाऊ द्या त्यांना. वेस काय पळून चाललीय?' त्यांचा ढोल आमच्या तोंडावर वाजत गेला. मागं मोठी पोरं एकमेकांना म्हनायली, 'बाई भ्याली बे.' मलाबी तवा तसंच वाटलं. आज कळतंय, तुमी सोडून सगळं गाव भ्यालेलं व्हतं.

दुसऱ्या वर्षी चौदा तारखंला तुमी आमाला मैदानातले दगड येचायला लावले. मुठीएवढे, सारखे बघून. झेंड्याच्या खांबाभवती ते गोल मांडले, घमेल्यात चुना कालवला, अन् एकेक दगड पांढरा केला. तुमच्या हाताची सालटं निघाली चुन्यानं, तरी तुमी हसत व्हत्या. लई देखनं दिसत व्हतं ते. पंधराच्या सकाळी फेरी निघायच्या आधी मालकाचा पोरगा माझ्यापाशी आला. मालक म्हंजी ज्याच्या शेतात आमचे आप्पा सालगडी व्हते. मालकाचं अन् संस्थेच्या अध्यक्षाचं इलेक्शनपासून वाकडं, म्हनून पैसा असूनबी मालकानं पोरगं हट्टानं सरकारी शाळेत ठेवलेलं. सातवीत व्हता. म्हनला, 'ए, त्यातले चार दगड फ्रॉकात घे. रांगंच्या मागं राहा.' म्या इचारलं, 'कावून?' 'तुला काय करायचं? घे म्हनलं ना.' म्या घेतले. मालकाच्या पोराला न्हाई म्हनता येतं, हेच मला ठाव नव्हतं. अन् खरं सांगू का, मलाबी वाटत व्हतं की यंदा त्यांना दाखवावं.

वेशीपाशी परत तेच. त्यांचा ढोल, तुमचा आडवा हात, आमी थांबलेलो. ती पोरं जाता जाता दात काढायलीत. सगळ्यात शेवटी त्यांची बालवाडी चाललीय, एकमेकांचे सदरे धरून. एक पोरगी हाय, हातात कागदाचा झेंडा, डोळ्यात काजळ घातलंय आईनं. माझ्या फ्रॉकात एक हात येतो अन् एक दगड घेऊन जातो. मी बघते तवा ती खाली बसलीय. रक्त आलं त्याच्या आधी मला तिच्या गालावरचा चुना दिसला. तुमी तिला उचललं, पदराचा बोळा करून डोळ्यावर दाबला, अन् सडकेकडं पळत सुटल्या. जीप मिळाली, केजला नेलं, तिथून पुढं बीडला. डोळा गेला, बाई.

दगडाला चुना व्हता, म्हनून कुठल्या शाळेचा ते कुनी सांगायची गरज राहिली न्हाई. कुनाच्या हातचा, एवढंच बाकी व्हतं. तिसऱ्या दिवशी मालक आमच्या घरी आला. आमच्या बाजंवर तो पयल्यांदाच बसला. चहा पिला. आप्पाला म्हनला, 'चौकशीला शिक्षनखात्याचा साहेब येतोय. पोरीनं त्याच्यापुढं एवढंच म्हनायचं, दगड बाईनं दिले. बाईनं दगड येचायला लावलेले सगळ्या गावानं बघितलंय. झालं.' मालकाचं पोरगं सुटत व्हतं, अन् अध्यक्षाला सरकारी शाळेची बाई बदनाम झालेली पाहिजेच व्हती. एकमेकांचं तोंड न बघनारी ती दोघं, तुमच्यावर मात्र एक झाली. मालक गेल्यावर आप्पा लई येळ चिलीम साफ करीत बसले. माझ्याकडं न बघता म्हनले, 'म्हन माय तेवढं. आपल्याला हितंच राहायचंय. बाईचं काय, बदली व्हती.'

साहेब तुमच्या खुर्चीत बसला व्हता. तुमी दारात उभ्या. साहेब गोड बोलला, 'घाबरू नको बेटा. दगड कोणी दिले?' मी म्हनले, 'बाईनं.' साहेब लिहायला लागला. मंग मी अजून म्हनले, 'बाई म्हनल्या, यंदा सोडायचं न्हाई.' हे मला कुनी शिकवलं नव्हतं, बाई. ना मालकानं, ना आप्पानं. साहेब लिहून घ्यायला, अन् माझं बोलनं कुनीतरी असं लिहून घेतंय ह्याचं मला बरं वाटलं. म्हनून अजून एक बोलले. त्या दिवशी सांजच्याला मी रोजच्यासारखी कळशी घेऊन तुमच्या दारात आले. कावून आले, आजबी मला सांगता यायचं न्हाई. तुमी दार उघडलं, माझ्याकडं बघितलं, अन् म्हनल्या, 'आज पाणी नको.' बास. रागानंबी न्हाई.

तुमची बदली आष्टीकडं झाली, कडा गावाच्या बी पुढं, कुठल्यातरी वस्तीवर. तुमी जाताना पेटी न्हेली न्हाई, म्हनल्या मागून मागवून घेते. पुढच्या वर्षी तुमचा भाऊ पेटी न्यायला आला. आमच्या दारात पानी मागितलं, म्याच दिलं. आप्पाला सांगत व्हता, तिथलं हिरीचं पानी बाधलं, काविळ झाली, वस्तीला गाडी न्हाई. खबर लागली तवा तुमाला जाऊन आठ दिवस झालते. शेवटी त्यानं इचारलं, 'माझ्या बहिणीनं इथं नेमकं केलं काय होतं?' आप्पा म्हनले, 'कायबी न्हाई. बाई लई चांगल्या व्हत्या.' अन् आत निघून गेले. तो मानूस मोकळा तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्या शाळा सोडली ती तवाच. आप्पानं दोनदा म्हनलं जा म्हनून, नंतर म्हनले न्हाईत.

आता ह्या गावात मी नांदतेय. हितंबी दोन शाळा हायेत, अन् हितंबी पटावरनं तेच चाललंय. पोराचे पप्पा संस्थेची गाडी चालवतात, गावोगावची पोरं आनतात, म्हनून आमचं पोरगंबी तिथंच घातलंय, टाय लावून. सरकारी शाळेवर एक नवे गुर्जी आलेत, कोवळंच पोरगं हाय. वर्षभर दारोदार हिंडून त्यानं संस्थेतली पोरं परत वढलीत. शनिवारी दोन्ही शाळा संगंच सुटल्या. पोरांत 'खिचडीवाले' अन् 'पट्टेवाले' सुरू झालं, ढकलाढकल झाली, अन् आमचं पोरगं पुलाच्या कठड्यावर पडलं. गुर्जी सोडवायला पळत आले, त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. हे मला पोरानंच सांगितलं, तिथंच दवाखान्यात, टाके घालायच्या आधी. 'मम्मी, गुर्जीनं मला खांद्यावर घेतलं,' म्हनलं.

काल संस्थेचा मानूस आला. 'वहिनी, पोरगं हुशार हाय तुमचं. गुर्जीनं ढकललं, एवढंच म्हनायचं साहेबापुढं.' मी म्हनले, 'पन भाऊ, गुर्जीनंच तर उचललं म्हनतंय ते.' तो हसला. 'लेकरू हाय वहिनी. डोक्याला मार लागलेल्या मानसाला काय आठवतंय?' मंग पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला, टाक्याच्या अगदी कडंकडंनं. अन् पोराच्या पप्पाला म्हनला, 'काय, बसला का गाडीवर हात? दुसरी चार पोरं मागं लागलीत माझ्या, मला गाडी द्या म्हनून.' पप्पा म्हनले, 'बसलाय साहेब.' तो गेल्यावर मला म्हनले, 'तू लई डोकं लावू नको.' त्यांचा आवाज आप्पासारखा आला.

आज सकाळी गुर्जी आले व्हते, बिस्किटाचा पुडा घेऊन. दारातनंच इचारलं, 'ताई, टाके दुखतेत का त्याचे?' म्या पुडा घेतला. आत या म्हनले न्हाई. त्यांना ठावच न्हाई अजून कायबी. उद्याची चौकशी पोराच्या पडन्याची हाय, एवढंच त्यांना कळलंय. मला भ्या वाटतंय बाई. गाडी जाईल ह्याचं वाटतंय, गाव सोडावं लागंल ह्याचं वाटतंय. अन् सगळ्यात जास्त ह्याचं वाटतंय की साहेब लिहायला लागला की माझं पोरगं आपल्या मनानं अजून काय म्हनंल.

हे पत्र टाकायचं तर कुठं टाकू? कड्याच्या पुढच्या त्या वस्तीचं नावबी म्या तुमच्या भावाला इचारलं नव्हतं. अन् पोराची वही शाळेत तपासतात, म्हनून ही पानं हितनं उठले की फाडून चुलीत घालीन. पन वर म्या असं लिहिलंय जसं काय अजून ठरायचं हाय. तसं न्हाई बाई. गुर्जी गेल्यावर म्या दार लावलं अन् पोराला समोर बसवलं. 'गुर्जीनं काय केलं?' 'उचललं.' 'न्हाई. परत सांग, काय केलं?' 'खांद्यावर घेतलं.' तिसऱ्या येळंला त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, लई येळ बघितलं, अन् म्हनलं, 'ढकललं.' मंग म्या त्याला जेवू घातलं. जेवताना दोनदा इचारलं, झोपवताना दोनदा. एकदाबी चुकलं न्हाई.