पावट्याच्या भिंती

६ जुलै, सातारा

आज पेरलं. कलादालनाच्या आवारात सुतळ्या ताणल्या, पलूसच्या आमच्या स्वयंपाकघराच्या मापानेच. वेल चढले की त्याच भिंती. लोक आत येऊन बसतील. माझं पहिलं मांडणशिल्प!

भिंती दाट हव्यात म्हणून आईच्या डब्यातलं सगळं पावट्याचं बी वापरलं. तिच्या माहेरचं बी. ती शेतात भांगलणीला गेली होती तेव्हा न विचारता आणलं. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सगळं बी कुणी काढतं व्हय गं?" मग स्वतःच — "ऱ्हाऊ दे. शेंगा वाळल्या की भरू डबा."

७ डिसेंबर

आई बघायला आली. चुलीची जागा बरोबर ओळखून तिथेच बसली. मग उठली आणि भिंतीवरची वाळकी शेंग खुडायला लागली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, हात नको लावू." वर पाटी दाखवली — 'वेलांना हात लावू नये'. माझ्याच अक्षरात. तिला वाचता येत नाही. हे मी विसरावं?

वाळणं, गळणं हाही कलाकृतीचा भाग आहे, असं समजावलं. "गळलं म्हंजी गेलं की गं," म्हणाली.

नंतर बराच वेळ ती झाडलोट करणाऱ्या हरणाबाईंशी बोलत बसली. मी पाहुण्यांत होते.

१५ डिसेंबर

खालच्या शेंगा रोज कमी होतायत. आज हरणाबाईंच्या पदरात दिसल्या. त्यांना विचारायचा धीर झाला नाही. व्यवस्थापक लालासाहेबांना लिहून दिलं. नियम सगळ्यांना सारखा.

१६ डिसेंबर

हरणाबाईंना कामावरून काढलं. "कायतरी सांगत हुती," लालासाहेब म्हणाले, "मी ऐकूनच घेतलं न्हाई."

'फक्त समज द्या' एवढं तरी लिहायचं.

४ जानेवारी

तीन दिवस अवकाळी पाऊस. शेंगांना बुरशी, काहींना आतच मोड. एकही दाणा धड नाही. फोटो काढणारा म्हणाला, आता खरी मजा आली.

६ जानेवारी, पलूस

आईला सांगितलं, बी गेलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"हरणाबाईकडं असंल की. तिला मीच सांगितलंतं — पोरगी मला हात लावू देईना, तू वाळंल तसं खुडून ठेव. निम्मं तुला, निम्मं मला. दिलं न्हाई व्हय तिनं?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

८ जानेवारी, सातारा

आधी लालासाहेबांना दुसरा कागद दिला — तक्रार मागे घेते, हरणाबाईंना परत घ्या. त्यांनी नवी बाई ठेवलीय.

मग हरणाबाईंचं घर. तक्रार मीच लिहिली, हे दारातच सांगितलं. "ठावं हाय," म्हणाल्या. आत जाऊन आईचा वाटा आणला. किडू नये म्हणून राख लावलेलं बी, फडक्यात बांधलेलं. मी हात मागे घेतला.

"घ्या की. आता लावा हात."