बॉनेटवरची खरखर आणि तुझं ‘कुठलंही चालेल’

तीर्थस्वरूप दादा,

“तू काच पूस, चालवायचं आम्ही बघतो.” हे वाक्य तुला आठवत नसेल. मी एकोणीस वर्षांची होते, बाबांच्या गाडीची किल्ली माझ्या हातात होती आणि तू ती काढून घेऊन त्या जागी फडकं ठेवलंस. त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हाची गाडी वेगळी होती. फडकं बहुधा तेच आहे.

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण गाडीच्या टपावर ओणवं राहून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याने केलेलाच चालवून घे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझी पाठ? आई ठणठणीत आहे. तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि याचं कारण उघड आहे: तिला तुझे मेसेज वाचता येत नाहीत.

मी वाचले. गाडी विकण्याआधी कशी चकाचक करायची, त्याचे सगळे अकरा मुद्दे. बाबांच्या माघारी ही गाडी मला ठेवायची आहे, असं मी तुला फोनवर स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. तू “बघू” म्हणालास, आणि आठ दिवसांनी तुझ्याकडून ग्राहक गाडी न्यायला येण्याची तारीख आली, हा रविवार, आणि कुरियरने एक क्ले बार आला. म्हणजे साबणाच्या वडीएवढा, मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा. तो पत्र्यावर घासायचा, म्हणजे रंगात रुतून बसलेली धूळ, डांबर, राळ तो ओढून काढतो, आणि गाडीला किंमत चांगली येते. (मला नको असलेल्या विक्रीसाठी माझ्याच हातांनी. वा!) मुद्दा चौथा: “कोरडा घासू नकोस, ओरखडे पडतील. वंगण म्हणून कुठलंही स्वस्तातलं चालेल.” कुठलंही! दादा, ज्या माणसाला चहात साखर पाव चमचा जास्त पडलेली कळते, त्याने “कुठलंही” लिहावं?

मी आधी रीतसर दुकानात गेले. तिथे यासाठी खास फवाऱ्याची बाटली मिळते. किंमत अत्तराची, आकार खोकल्याच्या औषधाचा. “यापेक्षा स्वस्त काही?” असं विचारलं तर दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, “साहेब नाही आले?” मी म्हटलं, साहेब दुसऱ्या गावी बसून मुद्दे काढतात. तर म्हणे, “मग त्यांना फोन लावून द्या ना मॅडम, त्यांना सांगतो समजावून.” मी बाटली काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडले. दाराशी पाय अडखळला, ते त्याने पाहिलं, याचा मला अजून राग आहे.

आता, मी गेली बावीस वर्षं सोनोग्राफीच्या खोलीत काम करते. बुळबुळीत पदार्थ या विषयात आपल्या घराण्यात माझ्याइतका अधिकार कोणाचा नाही. आमच्याकडे मुदत संपलेला जेलचा पाच लिटरचा डबा टाकायला काढला होता. तो मी विचारून घरी आणला. (विचारून. तू लगेच भुवई उचलली असशील.) बॉनेटवर जेल पसरलं आणि क्ले हातात धरून हलका दाब देत गोल गोल फिरवू लागले, अगदी जसा रोज पेशंटच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवते तसा. सवयीने “श्वास रोखून धरा” असंही म्हणाले. क्ले काय सुंदर सरकत होता! इतका सुंदर, की पत्र्यावरचं काहीही त्याला चिकटेना. अर्धा तास मी गाडीला नुसतं चोळत होते. तेवढ्यात ऊन आलं, जेल वाळलं आणि सगळ्या बॉनेटवर पांढरट पापुद्रा धरला, शंभर गोगलगाई फिरून गेल्यासारखा. आई दारात आली, डब्यावरचं चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काय गं, गाडीला दिवस गेलेत का?”

चार बादल्या पाणी लागलं. त्यात क्लेचा अर्धा तुकडा हातातून निसटून मातीत पडला. मुद्दा नववा: “खाली पडला तर फेकून दे, खडा चिकटला तर रंग जाईल.” फेकला. हा एक मुद्दा तुझा बरोबर होता. बाकीचे दहा लगेच वर काढू नकोस.

शेवटी आमच्या इस्पितळाच्या अँब्युलन्सवरच्या ड्रायव्हरमामांना विचारलं. त्यांची गाडी माझ्या गणवेशापेक्षा स्वच्छ असते. ते हसले सुद्धा नाहीत. “ताई, लिटरभर पाण्यात एक झाकण गाडीचा शाम्पू. भांड्यांचा साबण नको, तो मेण काढून टाकतो. सावलीत करा, एकेक हातभर जागा घ्या, आणि सुकू देऊ नका.” बस. तीन वाक्यं. साहेब आले का, असं विचारलं नाही. आईने इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली दिली आणि स्वतःच फवारायला उभी राहिली. मी घासायचं, तिने फवारायचं. पहिल्या हाताला क्ले खरखरला, दुसऱ्या हाताला गप्प झाला. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून (तिच्यातून बारीकशी खरखरही कळते) बोटं फिरवली, तर पत्रा काचेसारखा लागला. मला एकदम रडू आलं. का ते विचारू नकोस, तुझ्याकडे त्यावर मुद्दे असतील.

मग डिकीची पाळी आली. तिच्यावर ते पिवळे ठिपके आहेत ना, फाटक रंगवताना उडालेले, ज्यावरून बाबांनी रंगाऱ्याला झापलं होतं? क्लेने ते भराभर निघायला लागले. आईने फवारा थांबवला आणि माझं मनगट धरलं.

“ते राहू देत.”

“अगं, ग्राहकाला दिसतील.”

“दिसू देत. रंगारी कसला, तुझे बाबाच रंग फवारायचं मशीन घेऊन उभे होते, मी खिडकीतून बघितलंय. पन्नास वर्षांत एकदा सापडला हा माणूस खोटं बोलताना. पुरावा आहे तो.”

मग ती बराच वेळ ओल्या फडक्याने एकेका ठिपक्याभोवतीची जागा पुसत राहिली. सात उरले आहेत. तेव्हा तुझ्या ग्राहकाला गाडी मिळेल ती अशी: बॉनेट आरसा, टप आरसा, डिकी पुरावा.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी (अजून थोडी चिडलेली) बहीण

ता. क. त्या प्रमाणात शाम्पूची एक बाटली वर्षभर पुरेल. वर्षभर गाडी कोणाच्या दारात असेल हे मी इथे लिहीत नाही.

ता. क. २: ड्रायव्हरमामांनी मला फक्त शाम्पू शिकवला नाही. चार महिने, ड्यूटी सुटल्यावर, इस्पितळामागच्या मोकळ्या जागेत. लायसन्स मागच्या मंगळवारी आलं. आईला माहीत होतं.

ता. क. ३: ग्राहकाला नाही म्हणून कळव. तू कळवणार नाहीस, ते मी धरूनच चालले आहे. मग निदान रविवारी दोन तास आधी ये. आई मागे बसेल, तू माझ्या शेजारी बस. मी गावाबाहेरच्या पुलापर्यंत नेईन आणि परत आणीन, आणि तेवढ्या वेळात तू ‘ब्रेक’ म्हणायचं नाहीस, ‘आरसा बघ’ म्हणायचं नाहीस, पाय खाली दाबायचा नाहीस. फक्त बसायचं. त्यानंतर काय ते ठरव. जमणार नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी विचारते आहे.