युरिक अ‍ॅसिड ऐकत नाही

३ मार्च, सकाळी
धाकट्या भावाला माझी एक किडनी द्यायची ठरली. रक्त जुळलं. फक्त युरिक अ‍ॅसिड ८.१. डॉक्टर म्हणाले, सातच्या खाली आणा, मग पुढचं बघू. त्यात काय मोठंसं! आजपासून मटण बंद, बिअर बंद. धाकट्याची बायको रडली. मला काहीच वाटलं नाही. निश्चय पक्का असला की असंच होतं.

९ मार्च
ऑफिसातल्या कॅशियरचा सेंड-ऑफ. कलेजी होती. नको म्हटलं की माणूस दुखावतो. दोनदाच घेतली.

१७ मार्च
उपाशीपोटी रक्त दिलं. लॅबमधल्या मुलीने विचारलं, काल काय खाल्लं? भाजी, म्हणालो. रिपोर्ट ८.६. मुलगी नवीन दिसते. बाटलीवर नाव लिहायला पेन शोधत होती.

१८ मार्च
दुसरी लॅब. ८.७. ही लॅब पहिलीची मिंधी असणार.
बायको म्हणाली, तुम्ही घाबरलायत. हसण्यावारी नेलं.

२ एप्रिल
रोज चार लिटर पाणी प्यायचं ठरवलंय. बिअरमध्येही बहुतेक पाणीच असतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

२१ एप्रिल
९.२. आकडा बघून एकदम हलकं वाटलं. उपाशीपोटी असल्यामुळे असेल.
धाकट्याला फोन केला. डायलिसिसहून नुकताच आला होता, आवाज बारीक. म्हटलं, माझी फार इच्छा आहे रे, पण रक्तच ऐकत नाही. म्हणाला, घाई नाही, दादा. रिपोर्ट फाईलला लावला. फाईल नीटनेटकी आहे.

१० मे
लॅबला सुट्टी असावी. गेलो नाही.

२ जून, संध्याकाळी
धाकट्याची बायकोच किडनी देतेय. सोमवारी ऑपरेशन. तिच्या तपासण्या मार्चपासूनच चालू होत्या म्हणे. मला कुणी बोललं नाही.
धाकट्याचा फोन आला. म्हणाला, दादा, आता पथ्य सोड, पोटभर जेव. लहानपणी इंजेक्शनवाले डॉक्टर आले की तू माळ्यावर लपायचास, आणि दादा बाहेर गेलाय असं मी सांगायचो. तसंच समज. राग नाही.
मी बरं म्हणालो. आणखी काहीतरी बोलायचं होतं, ते जुळवत बसलो.
बायको म्हणाली, कानाला लावलेला फोन काढा आता, भाऊजींनी केव्हाच ठेवलाय.