चारशे सेटांची गाडी

प्रिय बुटके,

तुझं पत्र पोचलं. सुनेकडून लिहून घेतलंस ते पहिल्या ओळीतच कळलं, तू एवढी गोड कधी बोलतेस? पाय घसरला, खुब्यात सळी बसवली, जिना उतरवत नाही, बस चढवत नाही, तेव्हा आता आपली भेट वरच. वरच म्हणे. फोन करणार होते, पण फोनवर तू माझं ऐकत नाहीस, मधेच रडायला लागतेस. म्हणून लिहितेय. वाचताना मधे बोलू नकोस.

आधी बातमी. मी गाडी घेतली. कोरी करकरीत, कुणाची उतरलेली नाही. दार लावलं की धप्प असा भरीव आवाज येतो. पहिल्या दिवशी मी ते उगाचच दहा वेळा लावलं, शेवटी नवरा म्हणाला, बिजागरी तरी राहू दे.

आपण दोघी कव्हरांच्या दुकानात शिवायला होतो तेव्हा मालकाने नवी गाडी आणली होती, आठवतं? तिची सीट कव्हरं आपण दोघींनी शिवली. तू धीर करून किंमत विचारलीस, आणि रेक्झिनच्या उलट्या बाजूला खडूने भागाकार मांडलास, कारण मला तो तेव्हाही येत नव्हता. उत्तर आलं पंधराशे सेट. पंधराशे गाड्यांना कव्हरं शिवायची, तीही पोटाला चिमटा काढून नव्हे, पोटच न ठेवता, तेव्हा आपली एक गाडी. मी म्हटलं, त्यापेक्षा गाडीवाल्याशी लग्न करू. तू म्हणालीस, गाडीवाले इथे फक्त सीट दाखवायला येतात. ते मात्र खरं निघालं.

तेव्हापासून आपल्याला सेटात मोजायची खोडच लागली. चपला अर्धा सेट, चष्मा तीन सेट, माझं पहिलं बाळंतपण चाळीस सेट आणि वर टोमणे. सगळं मोजलं, फक्त गाडी परत मोजली नाही. शोरूमच्या काचेवरचा आकडा दरवर्षी वर जायचा आणि मी मान खाली घालून पुढे चालायची. स्वतःचं दुकान काढल्यापासून माझी शिलाई मीच वाढवत होते, गिऱ्हाइकांशी भांडून वाढवत होते, पण ती त्या आकड्याखाली मांडून बघावी हे काही डोक्यात आलं नाही. अख्खी हयात सेट मोजणारी बाई, आणि नेमकी तिथेच काचेवरच्या आकड्याला घाबरली.

मग मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक शिलाई ऐकून तडकलं. म्हणालं, बाई, एवढ्यात माझ्या वडिलांनी स्कूटर घेतली होती. मी म्हटलं, मग त्यांच्याकडूनच शिवून घ्या. तो गेला आणि मी सुई हातात धरून बसले. स्कूटर जर एका सेटावर आली, तर गाडी कुठे आली असेल? लेकीला हाक मारली, म्हटलं, गाडीची किंमत माझ्या एका सेटाच्या शिलाईने भाग. चारशे आले. मी म्हटलं, परत भाग. परत चारशेच. गाडीचा आकडा दहापट झाला होता, आणि माझी शिलाई जवळजवळ चाळीसपट. आता त्यातलं निम्मं मालकाच्या खिशात जात नाही हे धर, म्हणजे आणखीच स्वस्त. बरं, मालकाच्या गाडीत काच हाताने गरागरा फिरवायची, उन्हाळ्यात आत भाजून निघायचं. माझीत बटण आहे, गारवा आहे, आणि धडक बसली तर तोंडासमोर उशी फुगते. लेक म्हणाली, पाच-सात वर्षांपूर्वी साडेतीनशेतच आली असती, मधे गाड्यांच्या किमती परत चढल्या. मी म्हटलं, गेलेल्या गाडीला हात दाखवू नये.

शोरूममधला टायवाला सगळं नवऱ्याला समजावत होता. नवऱ्याला सायकलही धड येत नाही. दहा मिनिटं मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "किल्ली माझ्या हातात द्यायची आहे, तेव्हा तोंड इकडे करा." त्याने केलं. चहाही आला. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. पहिल्या खेपेला मागे घेताना मी ड्रम आडवा केला, पण तो ड्रमच वाकडा ठेवला होता.

आणि ऐक, कव्हर घातलेलं नाही. दुकानात अख्खं गाव येऊन विचारून गेलं. आयुष्यभर लोकांच्या सीटा झाकल्या, माझी उघडीच राहणार. डाग पडला तर पडला.

आता मुद्द्याचं. रविवारी सकाळी मी तुझ्या दारात गाडी लावतेय. तुझ्या लेकाशी बोलणं झालंय, खुर्चीत बसवून आम्ही दोघं तुला तिन्ही जिने खाली आणतो. पुढची सीट मागे सरकवून पाहिलीय, पाय पूर्ण लांब होतो. चार दिवसांचे कपडे घेऊ नकोस, सगळे घे. माझं घर तळमजल्यावर आहे, दुकान त्याला लागून, आणि दुसरं मशीन दोन वर्षं कापडाखाली झाकून पडलंय. तिथे बसवलेली एकही बाई टिकली नाही, सगळ्यांच्या शिवणी तुझ्यापेक्षा वाकड्या, नाहीतर माझं तोंड त्यांना सोसवत नाही. तुला सोसवतं. उपकार वगैरे म्हणालीस तर वाटेत उतरवीन. काम पडलंय, हात तुझे धड आहेत, आणि मोटरच्या मशीनला एकच पाय लागतो. सळीवाला नको, दुसरा आण.

तुझीच,
लांबडी